खानदेशातील गोधन व कृषिवारसा

खानदेशातील गोधन व कृषिवारसा : तापी खोऱ्यातील शेतीव्यवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेले स्थानिक गोवंश, त्यांचे पैदासकार समाज, चराऊ राने, पिकांचे देशी वाण व पाणीवाटपाच्या सामुदायिक पद्धती यांचा समुच्चय. यांपैकी तापी खिल्लार किंवा थिल्लारी या नावाने ओळखला गेलेला गोवंश आज विशेष दुर्मिळ झाला असून त्याचे स्वतंत्र अस्तित्व टिकेल की नाही, हा या प्रदेशाच्या कृषी इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. खानदेश या संज्ञेत सामान्यतः जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा समावेश होतो. ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

भौगोलिक पार्श्वभूमी : उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि पश्चिमेस सह्याद्री यांनी वेढलेला हा प्रदेश तापी व तिच्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अनेर, गोमाई इ. उपनद्यांच्या गाळाने संपन्न झाला आहे. तापीच्या दोन्ही काठांवरील खोल काळी जमीन कापूस, ज्वारी व केळी यांना मानवते. मात्र मध्य खानदेशातील पाऊस बेताचा व अनिश्चित असून उन्हाळा अतिशय कडक असतो. काळ्या जमिनीच्या नांगरटीसाठी व वखरणीसाठी ताकदवान बैल लागतो, तर कडक उन्हाळा व चाऱ्याची टंचाई सोसण्यासाठी काटक जनावर लागते. या दोन गरजांच्या दाबाखाली येथील गोवंशाची निवड होत गेली. सातपुड्याच्या पायथ्याची गवताळ राने पैदाशीसाठी आणि तापीकाठची गावे बैलांच्या खरेदीसाठी, अशी एक स्वाभाविक विभागणीही त्यातून निर्माण झाली. डोंगरात जन्मलेला गोऱ्हा सपाटीवर येऊन औताला जुंपला जाई आणि सपाटीवरचे धान्य व पैसा डोंगराकडे जाई.

पशुपालक समाज : खानदेशाचा प्राचीन इतिहास पशुपालकांशी निगडित आहे. आभीर किंवा अहिर लोकांचा या प्रदेशाशी असलेला संबंध अहिराणी या बोलीच्या नावात टिकून आहे. असीरगड हा किल्ला आसा अहिर नावाच्या एका धनाढ्य पशुपालकाचा होता व त्याच्याकडे हजारो गाई, म्हशी आणि मेंढ्या होत्या, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदविली आहे. फारुकी घराण्याच्या नासिरखानाने तो किल्ला कपटाने घेतला, असे ही कथा सांगते. कथेतील तपशील आख्यायिकेच्या स्वरूपाचा असला, तरी मध्ययुगीन खानदेशात पशुधन हेच सत्तेचे व प्रतिष्ठेचे एक साधन होते, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

पुढील काळात गवळी, धनगर, ठेलारी व वंजारी हे समाज पशुपालनात अग्रेसर होते. वंजारी व लमाण लोकांचे बैलांचे तांडे धान्य, मीठ व कापूस यांची वाहतूक करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आल्यानंतर हा व्यवसाय झपाट्याने खालावला. ओझे वाहणाऱ्या बैलांची मागणी संपली आणि त्यांची पैदास करणारी साखळीही तुटली. ठेलारी समाज मुख्यतः धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्री तालुक्यात आढळतो. त्याचा आजचा मुख्य व्यवसाय मेंढपाळी असून पावसाळ्यानंतर मेंढ्यांचे कळप घेऊन दूरवर स्थलांतर करण्याची व शेतकऱ्यांच्या शिवारात मेंढ्या बसवून त्यांच्या लेंडीखताचा लाभ देण्याची रीत त्याने टिकवून ठेवली आहे.

खिल्लार व त्याचा तापी प्रकार : खिल्लार म्हणजे गुरांचा कळप आणि तो राखणारा तो खिल्लारी किंवा थिल्लारी, अशी या गोवंशाच्या नावाची व्युत्पत्ती दिली जाते. म्हणजे हे नाव मूलतः जनावराचे नसून कळपाचे व त्याच्या राखणदाराचे आहे. खिल्लार हा भारतातील वशिंडयुक्त गोवंशांपैकी शेतीकाम व वाहतूक यांसाठी नावाजलेला वंश होय. बांधा घट्ट, अंग सडसडीत, कातडी ताठ, खूर कठीण, शिंगे लांब व मागे वळून वर गेलेली आणि स्वभाव तापट ही त्याची ठळक लक्षणे होत. कर्नाटकातील हल्लीकर व अमृतमहाल या वंशांशी त्याचे नाते जोडले जाते. गाय दूध कमी देते. एका वेतातील दूध सामान्यतः ५०० किग्रॅ.हून कमी भरते. वासराला पुरेसे दूध मिळावे व त्याचा दमदार बैल व्हावा, हेच पैदासकाराचे उद्दिष्ट असल्याने दुधासाठी निवड फारशी झाली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास या वंशाचे जे शास्त्रीय वर्णन झाले, त्यात त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : आटपाडी महाल (हणम), म्हसवड, तापी खिल्लार व नकली खिल्लार. पहिले दोन सोलापूर, सातारा व सांगली या परिसरातील असून रंगाने करडे-पांढरे असतात. नकली प्रकारात अंगाच्या पुढील भागावर विटकरी झाक असते. तापी खिल्लार किंवा थिल्लारी हा प्रकार पश्चिम खानदेशातील सातपुड्याच्या परिसरातला असून तो पांढरा व नाकपुडी आणि खूर गाजरी रंगाचे, असा वर्णिलेला आहे. काळसर नाकपुडी व खुरांच्या दक्षिणी प्रकारांपासून तो या लक्षणांनी सहज वेगळा ओळखता येई.

चारही प्रकारांना एकच नाव असले, तरी त्यांचा इतिहास एकसारखा झाला नाही. आटपाडीचा प्रदेश औंध संस्थानात होता व तेथील पैदाशीला संस्थानी आश्रय लाभला. खरसुंडीसारख्या यात्रांमधून निवडक जनावरांना चांगली किंमत मिळत राहिली. परिणामतः दक्षिण महाराष्ट्रातील जनावर हेच खिल्लार वंशाचे प्रमाणरूप ठरले. खानदेशातील प्रकाराला असा आश्रय मिळाला नाही. त्याचे पैदासकार भटके होते, त्यांची राने पुढे राखीव जंगलात गेली आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची शेती वेगाने बदलत गेली.

शेजारचे वंश : खानदेशाच्या पशुधनात शेजारच्या प्रदेशांतील वंशांचाही मोठा वाटा आहे. यावल, रावेर या तालुक्यांत नर्मदा खोऱ्यातील निमाडी गोवंश आढळतो. तांबड्या रंगावर पांढरे ठिपके किंवा पट्टे असलेल्या या वंशात गीर व खिल्लार या दोहोंचे गुण एकत्र आले आहेत, असे मानले जाते. डोक्याची ठेवण व रंग गीरसारखा, तर काटकपणा व कामाचा वेग खिल्लारसारखा असतो. पश्चिमेस डांग व नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात अतिवृष्टी सोसणारा डांगी गोवंश आहे. सौराष्ट्रातून चाऱ्याच्या शोधात येणारे काठेवाडी गोपालक गीर गाईंचे कळप घेऊन खानदेशात वावरतात. शेळ्यांमध्ये सुरती जातीला खानदेशी व निमाडी असे पर्यायी नाव आहे. पूर्णा खोऱ्यातील पूर्णाथडी म्हशीला अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. पूर्णा नदी जळगाव जिल्ह्यातील चांगदेव येथे तापीला मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे.

ऱ्हासाची कारणे : खानदेशातील गोवंशाच्या ऱ्हासाचे मूळ एखाद्या साथीत किंवा एखाद्या दुष्काळात शोधता येत नाही. जमिनीचा वापर, पीकपद्धती, ऊर्जेचे साधन व शासकीय धोरण या चारही अंगांनी सु. दीडशे वर्षे होत गेलेल्या बदलांचा तो एकत्रित परिणाम आहे.

(१) कापसाचा विस्तार : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि खानदेशी कापसाचे भाव एकाएकी वाढले. याच सुमारास लोहमार्ग तापी खोऱ्यात पोहोचला. हिंगणघाटी (बनी) बियाण्याचा प्रसार करण्याचे सरकारी प्रयत्न झाले. भडगाव येथे सरकारी प्रायोगिक शेतही होते. कापसाखालील क्षेत्र वाढले तसे पडीक व चराऊ जमिनी नांगराखाली आल्या. कापसापासून सरकी मिळते, पण कडबा मिळत नाही. म्हणजे बैलाचे काम वाढले आणि त्याचा चारा घटला.

(२) जंगलावरील निर्बंध : १८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण झाले. सातपुड्याच्या रानांत कळप नेण्यावर निर्बंध व चराई शुल्क आले. भिल्ल, पावरा इ. आदिवासी शेतकऱ्यांबरोबरच भटक्या गुराख्यांनाही त्याची झळ लागली. मोठ्या कळपातून वळू निवडण्याची जी मुभा होती, ती कळप लहान होताच संपुष्टात आली.

(३) दुष्काळ : १८९९–१९०० चा दुष्काळ मुंबई इलाख्यात गुरांच्या दृष्टीने विशेष संहारक ठरला. गुजरातेत या आपत्तीनंतर कांकरेज वंश वाचविण्यासाठी छारोडी येथे पैदास केंद्र स्थापन झाले. दुष्काळानंतर शेतकरी मिळेल तेथून मिळेल ती जनावरे विकत घेऊन गोठा भरतो. अशा खरेदीमुळे वंशांची सरमिसळ होते व शुद्ध बीज मागे पडते.

(४) पीकपद्धतीतील बदल : खानदेशाची ज्वारी, विशेषतः रब्बीची दादर, ही धान्याइतकीच कडब्यासाठी महत्त्वाची होती. १९६४ मध्ये सीएसएच–१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. ठेंगण्या संकरित वाणांनी धान्याचे उत्पादन वाढविले, पण कडब्याचे प्रमाण व दर्जा घटविला. रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत विहिरी व विद्युत पंपांच्या आधारे केळीचे क्षेत्र विस्तारले. २००२ मध्ये जनुकपरिवर्तित बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर देशी कापसाचे वाण जवळजवळ नाहीसे झाले. जळगाव येथील कृषी संशोधनातून पूर्वी जरिलासारखे देशी कापसाचे वाण विकसित झाले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

(५) ऊर्जेचे साधन : विहिरीवरील मोट ओढणे हे बैलाचे एक मोठे काम होते. नाडा, धाव, थारोळे हे शब्द त्या व्यवस्थेतले आहेत. तेलाची इंजिने व पुढे विजेचे पंप आल्यावर मोट थांबली. ट्रॅक्टरने नांगरट, मळणी व वाहतूक ही कामेही घेतली. वर्षातील मोजक्याच दिवसांच्या कोळपणीसाठी बैलजोडी वर्षभर पोसणे लहान शेतकऱ्याला परवडेनासे झाले.

(६) पैदास धोरण : १९६० नंतरच्या दशकांत दुग्धोत्पादन वाढविण्यासाठी जर्सी व होल्स्टीन वळूंच्या रेतनाचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. दुधाच्या दृष्टीने हे धोरण यशस्वी झाले व अनेक कुटुंबांना त्यातून नियमित उत्पन्न मिळाले. परंतु कामाच्या बैलांच्या वंशांसाठी तसा कार्यक्रम आखला गेला नाही. गावचा वळू पोसण्याची प्रथा मोडली आणि तापी प्रकारच्या वळूचे रेत मिळण्याची सोय कोठेच नव्हती. इच्छा असलेल्या शेतकऱ्यालाही आपली गाय आपल्याच प्रकारच्या वळूला दाखविणे अशक्य झाले.

फड पद्धती : पशुधनाप्रमाणेच पाण्याच्या सामुदायिक व्यवस्थेचाही वारसा खानदेशाला लाभला आहे. ⇨ फड पद्धती ही पांझरा नदीवर आणि जुन्या खानदेशचा भाग असलेल्या बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर विकसित झाली. ती किमान तीनशे वर्षांची असून तिचा उगम फारुकी काळात झाला, अशी परंपरागत समजूत आहे. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधून पाणी पाटाने शिवारात नेले जाई. बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या क्षेत्राचे साधारणतः चार फड पाडले जात व प्रत्येक फडात त्या वर्षी एकाच प्रकारचे पीक घेतले जाई. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात दुहंगामी व उरलेल्यांत हंगामी पिके असत आणि दरवर्षी ती आलटून-पालटून घेतली जात. पाण्याची देखरेख गावकऱ्यांनी नेमलेला पाटकरी करी, राखणीस जागले असत आणि त्यांचा मोबदला पिकाच्या रूपाने दिला जाई. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने पाणी कमी पडल्यास तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांमध्ये वाटला जाई.

वरच्या अंगास झालेली धरणे, विहिरींवरील पंपांनी खाली गेलेली भूजल पातळी व पिकांचे व्यक्तिगत निर्णय यांमुळे ही पद्धती आकुंचित झाली. काही बंधारे व पाट आजही उपयोगात आहेत. फड पद्धती व तापी खिल्लार यांच्या ऱ्हासात एक साम्य दिसते. दोन्हींचा आधार सामूहिक नियम हा होता. पाट कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, तसाच गावचा वळूही नव्हता. सामूहिक जबाबदारी सैल होताच दोन्ही निराधार झाले. मात्र तुटलेला बंधारा पुन्हा बांधता येतो. एखाद्या वंशाचा शेवटचा वळू व शेवटच्या गाई गेल्यावर तो वंश पुन्हा निर्माण करता येत नाही.

संवर्धनाचे प्रयत्न : पशुवंशांच्या संवर्धनाची जाणीव जगभर प्रामुख्याने गेल्या अर्धशतकातच निर्माण झाली. ब्रिटनमध्ये दुर्मिळ जातींच्या रक्षणासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र न्यास स्थापन झाला. अन्न व कृषी संघटनेच्या विद्यमाने २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे पशु-आनुवंशिक संपत्तीविषयी जागतिक कृती आराखडा स्वीकारण्यात आला. भारतात १९८४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोची स्थापना झाली. कर्नाल येथील ही संस्था देशी जातींचे सर्वेक्षण व नोंदणी करते. तिच्या यादीत आज ५० हून अधिक गोवंश आहेत. त्यांत महाराष्ट्रातील खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी, कोकण कपिला व कठाणी यांचा समावेश होतो. केंद्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ अभियान सुरू केले.

कायद्याच्या क्षेत्रात २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. या नोंदवहीत पाळीव जनावरांच्या स्थानिक जातींची नोंद करणे अभिप्रेत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व अन्य पारंपरिक वननिवासी समाजांचे चराईचे आणि पशुपालक समाजांचे हंगामी वापराचे हक्क मान्य केले. सातपुड्यातील गावांना मिळालेल्या सामूहिक वनहक्कांमुळे चराऊ रानांचे नियोजन गावसभेच्या हाती येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. गायराने व अन्य सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला.

पिकांच्या बाबतीत संवर्धनाची वाटचाल अधिक झाली आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा अधिकार दिला. जळगावची केळी व जळगावचे भरिताचे वांगे यांना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात बाएफ या संस्थेच्या साहाय्याने मका व ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या बीजबँका आदिवासी शेतकऱ्यांनी चालविल्या. या अनुभवाच्या आधारे पुढे व्यापक स्वरूपाच्या ‘महाराष्ट्र जनुक कोष’ प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. त्यात देशी पशुवंशांचाही अंतर्भाव आहे. पशुपालकाला मात्र आपण जोपासलेल्या वंशावर वाणासारखा कायदेशीर हक्क अद्याप मिळालेला नाही.

बैलगाडा शर्यतींचा या संदर्भात वारंवार उल्लेख होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. शर्यतींमुळे खिल्लार खोंडांना मोठी किंमत मिळते व पैदाशीला उत्तेजन मिळते, असे समर्थक म्हणतात. तथापि ही मागणी वेगवान नरांपुरतीच मर्यादित असते. खानदेशी प्रकाराची गाय कोणी पाळावी, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. प्राणिक्लेशाचा आक्षेपही कायम आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैल व वळू यांपर्यंत वाढविण्यात आली. निकामी जनावर विकता न आल्याने पशुपालकावर पडणारा भार आणि वंशरक्षण यांचा मेळ कसा घालावा, याविषयी मतभेद आहेत.

गणनेचा प्रश्न : २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सु. १ कोटी ३९ लक्ष होती. २०१२ च्या तुलनेत ती सु. दहा टक्क्यांनी घटली. देशातही याच काळात देशी गोवंश सु. सहा टक्क्यांनी घटला आणि संकरित व विदेशी गोवंश वाढला. या गणनेत जातवार माहिती संकलित करण्यात आली, ही महत्त्वाची सुधारणा होय. परंतु नोंदणीकृत यादीत खिल्लार हा एकच वंश असून त्याचे प्रकार वेगळे मोजले जात नाहीत. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रात खिल्लार टिकून असताना तापी खोऱ्यातील प्रकार पूर्णपणे नाहीसा झाला, तरी गणनेच्या तक्त्यात त्याची कोणतीही खूण उमटणार नाही. निमाडी वंशाची नोंद मध्य प्रदेशाचा वंश म्हणून होत असल्याने जळगाव जिल्ह्यातील निमाडी गुरांकडेही दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच स्वतंत्र दखल घेण्यात आली. ठेलारींसारख्या समाजांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

वंश टिकण्यासाठी केवळ एकूण संख्या पाहणे पुरेसे नसते. नर व माद्या यांचे प्रमाणही महत्त्वाचे असते. पैदाशीस असलेल्या नरांची व माद्यांची संख्या यांच्या गुणाकारास चारने गुणून येणाऱ्या संख्येला नर-माद्यांच्या बेरजेने भागले असता कळपाची परिणामी संख्या मिळते. तीनशे गाई असून वळू तीनच असतील, तर परिणामी संख्या अवघी १२ भरते आणि दर पिढीत अंतःप्रजननाची वाढ सु. चार टक्के होते. वळू तेरा असल्यास तीच संख्या ५० पर्यंत पोहोचते व वाढ एक टक्क्यावर येते. ही मर्यादा सामान्यतः स्वीकारार्ह मानली जाते. म्हणजे एखाद्या तालुक्यात काही शेकडा गाई शिल्लक असल्या, तरी भिन्न रक्ताचे दहा-बारा वळू राखले गेले नाहीत, तर त्या वंशाचे भवितव्य सुरक्षित म्हणता येत नाही. उलट, इतक्या थोड्या वळूंची जोपासना काही गावांनी मिळून केल्यास वंश वाचू शकतो. खर्चाच्या मानाने हे कार्य अवघड नाही.

संवर्धनाच्या दिशा : गोठीत रेत व भ्रूण जतन करणे हा वंशरक्षणाचा एक मार्ग आहे. त्यास स्थलबाह्य संवर्धन म्हणतात. अकस्मात येणाऱ्या साथीविरुद्ध ते विम्यासारखे उपयोगी पडते. परंतु कुपीतील रेताची परिस्थितीनुसार निवड होत नाही आणि त्याबरोबर गुराख्याचे ज्ञानही टिकत नाही. खोंडाची पारख, ऊन-पाण्याची सवय, चाऱ्याच्या वनस्पतींची ओळख व कळप हाकण्याची शिस्त ही विद्या जनावराबरोबरच जगते. म्हणून स्वस्थानी, म्हणजे मूळ प्रदेशात व मूळ पालकांच्या हाती होणारे संवर्धन अधिक मोलाचे ठरते. त्यासाठी तापी प्रकाराच्या लक्षणांनुसार गावोगाव सर्वेक्षण, वंशावळीची नोंद, गाव-समूहांकडून वळूंची देवघेव, तापी वळूंच्या रेताचा पुरवठा, गायरानांचे रक्षण, भटक्या पशुपालकांना चराईची हमी आणि कडबा देणाऱ्या ज्वारीच्या देशी वाणांना उत्तेजन या उपायांची एकत्रित योजना आवश्यक आहे. यांपैकी एकाच उपायावर भर दिल्यास तो टिकत नाही. चाऱ्याशिवाय वळू व वळूशिवाय गाय यांना अर्थ उरत नाही.

बैल ठेवण्याचे आर्थिक प्रयोजन निर्माण करणे, हा यातील सर्वांत कठीण भाग आहे. जमिनीचा कस टिकविण्यासाठी शेणखताची गरज, लहान तुकड्यांवरील व उताराच्या जमिनींवरील मशागत, वाढते इंधनखर्च व बदलत्या हवामानात उष्णता सोसणाऱ्या जनावरांचे महत्त्व, या गोष्टी देशी गोवंशास अनुकूल आहेत. ४० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात संकरित गाईचे दूध घटते. खानदेशी गुरे मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच उन्हात वाढली आहेत. त्यांचे गुण भावी पैदासशास्त्रास उपयोगी पडण्याची शक्यता असून एकदा गमावल्यास ते पुन्हा मिळणार नाहीत.

सांस्कृतिक अंग : श्रावण अमावास्येचा पोळा हा खानदेशातील शेतकऱ्याचा मोठा सण होय. त्या दिवशी बैलांना विश्रांती देऊन, रंगवून व सजवून त्यांची मिरवणूक काढली जाते. बैलजोडी नसलेल्या घरी मातीच्या बैलांची पूजा होते. गावोगाव खऱ्या बैलांची संख्या कमी होत असल्याने या मातीच्या जोड्यांचे प्रमाण वाढत आहे. औत, तिफण, पाभर, वखर, कोळपे, जू, शिवळ, कासरा, येसण ही शब्दसंपदा मराठीत व अहिराणीत शेतीबरोबर रुजली. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यात हे सर्व जग जिवंत रूपात आले आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्या काव्यातील बैल व औजारे ही त्यांच्या वाचकांच्या रोजच्या अनुभवातील होती. पुढील पिढ्यांना त्यांचा अर्थ टीपांवरून समजून घ्यावा लागेल किंवा काय, हे मुख्यतः या गोधनाच्या भवितव्यावर अवलंबून आहे.

समारोप : खानदेशाच्या कृषी इतिहासात कापूस, केळी व लोहमार्ग यांची नोंद विस्ताराने झाली आहे. ज्या बैलांनी ही जमीन नांगरली व ज्या लोकांनी ते बैल घडविले, त्यांची नोंद तुलनेने अल्प आहे. तापी खिल्लार हा वंश कोणा एका राजाने वा संस्थेने निर्माण केलेला नाही. सातपुड्याचे गवत, तापीकाठची काळी माती, मे महिन्याचे ऊन व गुराख्यांची निवड यांच्या शतकानुशतकांच्या संयोगातून तो सिद्ध झाला. त्याची प्रथम गणना करणे, नंतर वळू राखणे व त्यास लागणारी राने मोकळी ठेवणे, या क्रमाने पावले उचलली गेल्यास तो वाचविता येण्याजोगा आहे. विलंब झाल्यास खिल्लार हे नाव राहील, परंतु त्याची तापी शाखा केवळ जुन्या वर्णनांत उरेल.